न वाजलेल्या घुंगरांबद्दल अक्कांना

चंडीगड,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का यांना जयंतचा नमस्कार. (वरती खोडाखोड दिसेल. सवयीने 'आम्हा उभयतांचा' असं लिहून गेलो होतो. नवा कागद घेतला तर पुन्हा तेच लिहीन, म्हणून हाच चालवतो.)

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. डाव्याचं होईपर्यंत तुम्हाला वाचायला त्रास होऊ नये म्हणून अक्षर मोठं काढतो आहे, त्यामुळे पानं वाढतील. आम्ही दोघं ठीक. थंडी अजून यायची आहे, धूर मात्र आला आहे. दिवाळीत यंदा घरी काही केलं नाही, तरी फराळाचे सात डबे आले. त्यांतल्या सहांत फक्त मिठाई आणि काजू होते. सातव्यात चकल्या होत्या, त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या अपूर्वाने दिल्या. ती नागपूरची आहे.

तुमच्या पत्रात एकच प्रश्न आहे. कार्तिक वद्य सप्तमीला, मंगळवारी, सुनेत्राच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही बार्शीला कधी पोचतो? गुरुजी, सवाष्ण, स्वयंपाकाच्या बाई, सगळं तुम्ही ठरवून ठेवलं आहे. याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण त्याच मंगळवारी हिमानीची इथे एक परीक्षा आहे, ती शाळेची नाही, आणि ती कसली हे सांगायचं तर आधी तुमच्या घुंगरांचं सांगावं लागेल. फोनवर मी 'हं' आणि 'बरं' यांच्या पुढे जात नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. म्हणून लिहितो.

पाच वर्षांपूर्वी, हिमानी दहा वर्षांची असताना, तुम्ही तुमचे घुंगरू पाठवलेत. नानांना मुलीने नाचलेलं नको होतं म्हणून तुम्ही एकदाही पायांत न बांधलेले आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त होईपर्यंत पेटीत जपलेले. भाचीला क्लासला घातलं आहे असं सुनेत्राने तुम्हाला कळवलं होतं. क्लास खरा होता. तो नाचाचा नव्हता, गोल्फचा होता. (तुम्ही याला श्रीमंतांचं गवतात फिरणं म्हणाल, अशी तिला धास्ती होती. माझंही तेव्हा तेच मत होतं.) खोटं ती बोलली, पण शेजारी बसून 'हं' मी म्हटलं, तेव्हा निम्मं माझं धरावं.

याचं मूळ म्हणजे तिचे कोच, गुरतेज सिंग. सहा फूट दोन इंच, आवाज परेडच्या मैदानावरचा. शाळेच्या सहलीत हिमानीने सहज मारलेला एक चेंडू त्यांनी पाहिला आणि संध्याकाळी आमच्या क्वार्टरवर आले. तीन कप चहा घेतला आणि सुनेत्राला म्हणाले, "बहनजी, ये कुड़ी मैनूं दस साल दे दो. दुनिया के सामने खड़ी कर दूंगा." मी 'हं' म्हटलं. मला वाटलं, असे लोक सगळ्यांनाच असं सांगत असतील. नंतर कळलं, की ते घरोघरी जाऊन बहुतेकांना उलटं सांगतात: मुलाला दुसरं काहीतरी शिकवा.

त्यांची पद्धत पाहून मी चकित झालो, आणि मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत, पद्धतीचं मला कळतं. ते खेळ शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवतात. पहिले चार महिने फक्त भोकापासून दोन हातांवरून चेंडू आत ढकलायचा. ओळीने शंभर. अठ्ठ्याण्णव झाल्यावर चुकला तरी पुन्हा एकपासून. मग तीन हातांवरून. लांब मारणं सगळ्यात शेवटी. लांब मारायला मिळत नाही म्हणून मुलं रडतात आणि त्यांचे बाप मुलांपेक्षा जास्त. हिमानी रडली नाही, पण चेंडू ढकलताना तिचे गुडघे हलायचे. कोचनी सगळ्या पट्ट्यांत ओरडून पाहिलं. शेवटी सुनेत्राने तुमचे घुंगरू काढून तिच्या पायांत बांधले आणि नियम केला, की घुंगरू वाजले तर तो चेंडू मोजायचा नाही. तीन आठवडे नुसता छुमछुमाट होता. मग एके सकाळी शंभर चेंडू आत गेले आणि आवाज म्हणून आला नाही. कोचनी हलक्या आवाजात (ते शक्य असतं हे तेव्हा कळलं) सुनेत्राला विचारलं, "बहनजी, ये मिलते कहाँ हैं?" आता मनीमाजऱ्याच्या बाजारातून आणलेले घुंगरू बांधून तिथे चौदा मुलं उभी असतात, त्यांत साडेपाच फुटांचे दोन सरदार. एका निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांनी लेखी विचारणा केली होती, की इथे भांगडा कधीपासून सुरू झाला.

सांगायचं ते हे, अक्का, की तुमचे घुंगरू नानांच्या घरात वाजले नाहीत आणि इथेही वाजत नाहीत. पण इथलं न वाजणं पोरीने कमावलेलं आहे.

सुनेत्रा गेल्यावर बॅगचा प्रश्न आला. स्पर्धेत तिची बॅग सुनेत्रा उचलायची. आम्ही तेराव्यानंतर परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हिमानीने दारात बूट घालत विचारलं, "बाबा, बैग आप उठाओगे?" (मराठी तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं.) मी 'हं' म्हटलं. पहिल्याच दिवशी मी ती बॅग नेऊन भोकाभोवतीच्या अगदी बारीक गवतावर उभी केली, म्हणजे देवघरात चपला घालून जाण्यासारखं झालं. कोच शंभर मीटरवरून धावत आले, "अंकल जी! बैग! बैग चुक्को!" (उचला, म्हणजे.) दुसऱ्या दिवशी माझी सावली चेंडूच्या वाटेत पडली, म्हणून बाजूला झालो, तर दुसऱ्या मुलीच्या वाटेत पडली. तिसऱ्या दिवशी हिमानीचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. ती मारून पुढे गेली की वाळू दाताळ्याने सारखी करायची असते, एवढं मला सांगितलं होतं. मी ती केली. प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये अगरची जेली ओतल्यासारखी सपाट केली. बाहेर आलो तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि मागे तीन गट खोळंबले होते. कोच खड्ड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ऐसा बंकर मैंने टीवी पर भी नहीं देखा." मग सगळ्यांसमोर मला पुन्हा दाताळं न देण्याचं ठरलं. बॅगचा पट्टा सुनेत्राच्या उंचीला लावलेला आहे, तो मला आखूड पडतो आणि चालताना बॅग माझ्या बरगड्यांवर आपटते. पट्टा सैल करा, असं सगळे सांगतात. अजून केलेला नाही.

माझं एकच कौतुक तिथे झालं, तेही चुकून. बाकीचे बाप तोंड बंद ठेवू शकत नाहीत. झिरकपूरचे बंसलसाहेब आपल्या मुलीला प्रत्येक फटक्याआधी खांदा, कोपर, मनगट आणि हनुमान यांची आठवण करून देतात. मी गप्प असतो, कारण मला काही माहीत नाही आणि अलीकडे बोलावंसंही वाटत नाही. एकदा त्यांनी मला चहाच्या टपरीवर गाठलं. "भाईसाहब, आप बेटी को मारने से पहले क्या बोलते हो?" मी म्हटलं, कुछ नहीं. "वही तो! बताते नहीं हो! पक्का कोई मंतर है." पुढच्या स्पर्धेत त्यांनीही गप्प राहून पाहिलं. सहाव्या भोकापर्यंत चेहरा लाल झाला, नवव्याला त्यांना पाणी द्यावं लागलं. पण मुलगी त्यांची सुरेख खेळली. आता कोच नव्या पालकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, असं उभं राहायचं. दुःखाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता मंगळवारचं. तीन दिवसांची निवड स्पर्धा आहे, मंगळवार तिसरा दिवस. देशभरातून आलेल्या मुलींपैकी पहिल्या चौघींना दोन वर्षं तयार करून बाहेरच्या मोठ्या स्पर्धांना पाठवणार. कोच म्हणाले होते दहा वर्षं, त्यातलं हे मधलं दार आहे. हिमानी पंधरा वर्षांची आहे आणि वयाच्या अटीमुळे तिला ही संधी एकदाच. मागच्या रविवारपर्यंत माझा बेत असा होता: प्रयोगशाळेची तपासणी आहे, रजा मिळत नाही, असं तुम्हाला कळवायचं. पत्र लिहून पाकिटात घालून ठेवलंही होतं.

त्या रविवारी इथे एक छोटी स्पर्धा होती. सतराव्या भोकापर्यंत हिमानी आणि बंसलसाहेबांची मुलगी बरोबरीत. तिचा चेंडू झाडाखाली सुक्या पानांत गेला. मी चार पावलांवर होतो, बंसलसाहेब दहा. तिने काठी चेंडूमागे टेकवली, मग उचलली आणि हात वर करून पंचांना बोलावलं. म्हणाली, माझ्यामुळे चेंडू हलला, एक फटका दंड लिहा. मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणारा माणूस, मला काही हललेलं दिसलं नव्हतं. पंचांनाही नाही. त्याच एका फटक्याने ती हरली आणि बंसलसाहेबांची मुलगी जिंकली. तरी बंसलसाहेबच कळवळले. "ओ बेटा, किसने देखा था?" हिमानी म्हणाली, "अंकल, मैंने." कोच पुढे आले. माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि स्वतः गाडीपर्यंत नेली. पाच वर्षांत त्यांनी कुणाची बॅग उचललेली मी पाहिली नाही. तो आखूड पट्टा त्यांच्या काखेत रुतला होता, पण त्यांनीही तो सैल केला नाही.

घरी आल्यावर मी ते पाकीट फाडलं.

मग सुभेदार गुरुजींकडे गेलो. (लष्करातून धर्मगुरू म्हणून निवृत्त झाले, मूळचे वाईचे, खरडला राहतात.) त्यांनी सांगितलं, की काही विघ्नामुळे श्राद्ध चुकलं तर पुढच्या वद्य एकादशीला किंवा अमावास्येला करता येतं. पण विघ्न म्हणजे सूतक, आजार, राजाज्ञा. गोल्फ कशात बसवायचा हे त्यांना कळेना. कोचची आज्ञा राजाज्ञेत बसेल का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जयंतराव, तुम्ही आज बरंच बोलताय. असं करा, तिच्या माहेरच्या मोठ्या माणसाला विचारा. ते हो म्हणालं की पंचांगाचं मी बघतो."

तर कोणत्या गाडीने येतो हे आज सांगता येत नाही. डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत आणि वाकून केर काढू नये.

आपला,
जयंत

ता. क. : मोठं माणूस म्हणजे तुम्ही. श्राद्ध सप्तमीऐवजी अमावास्येला केलं तर चालेल का? (एकादशी आधी येते, पण त्या दिवशी जेवायला कोण येणार?) आम्ही दोघं आदल्या दिवशी पोचू. सप्तमीला तुम्ही फक्त तिच्या फोटोपुढे भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवावी. नाही म्हणालात तर सप्तमीलाच येतो. हिमानीला मी तसं सांगितलं आहे, तिने मान हलवली. घुंगरू वाजले नाहीत, पण आत काहीतरी हललं, ते पाहिलं मी.

ता. क. दुसरा : दंड लिहायचाच तर सगळा लिहावा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही आलो नाही ते माझ्या रजेमुळे नव्हे. सुनेत्रा तेव्हा दिल्लीला बॅग उचलत होती.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र हिमानीला वाचून दाखवलं. ती हसायला लागली. मग मराठीत बोलली, तेव्हाच मला शंका आली. म्हणाली, "बाबा, मावशीला सगळं माहितीये." मी रविवारी भाजीला गेलो की ती तुम्हाला फोन करते, घुंगरांचं तिने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि ते गळायला लागले तेव्हा नवी दोरी तुम्हीच पाठवलीत म्हणे. अमावास्येचंही तुमचं महिन्यापूर्वीच ठरलं आहे. अट एवढीच, की बाबांनी स्वतः विचारलं पाहिजे, आणि 'हं' चालणार नाही.

पत्र तरीही पाठवतो. अक्का, विचारलं आहे.