शून्य आकड्याचं पाणी

१२ ऑगस्ट
आजपासून मुक्काम छाओचोऊ गावात. पाणी भरायच्या दुकानात नोकरी आणि वर राहायला खोली, तीही खिडकीवाली. माझ्या लेकीने, पिंग-पिंगने, आल्या आल्या खिडकी पुसून काढली. सहा वर्षांची आहे, पण अंगात सगळे माझे गुण. मला घाणीची भारी किळस. दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावण्यापेक्षा मी तहानलेली बरी. म्हणून तर हे काम आवडलं. दिवसभर स्वच्छ पाणी, पांढऱ्या फरशा आणि पुसायला चकचकीत नळ. मालकीणबाई त्साय मावशींनी आमच्यासाठी शेवया करून ठेवल्या होत्या. तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या चांगल्या वाटल्या.

१५ ऑगस्ट
कामात रुळले. इथलं नळाचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरतं, म्हणून सगळं गाव डबे घेऊन आमच्या दारात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोजणीचा पेन पाण्यात बुडवायचा. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो आकड्यात सांगतो. नळाचं ३४०, आमचं गाळलेलं १२. आकडा कमी तितकं पाणी चांगलं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. समोरच्या दुकानाचा आकडा ६ आहे आणि तो मावशींच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकलाय. बदकाचं सूप विकणारे ल्यू काका रोज येऊन डिवचतात, काय ताई, आज तरी सहाच्या खाली उतरलात का? मावशी म्हणतात, तू आधी तुझ्या सुपात बदक शोध, मग माझ्या पाण्यात खडे शोध.

१८ ऑगस्ट
सातव्या चांद्र महिन्याची पूजा, मेलेल्यांसाठी. दुकानापुढे टेबलावर भात, फळं, बिस्किटं, उदबत्त्या. टेबलाखाली ‘भल्या भावां’साठी तसराळंभर पाणी, कोरा टॉवेल, दात घासायचा ब्रश. (त्यांना भुतं म्हणायचं नसतं.) लांबून आलेले असतात बिचारे, जेवणाआधी हात-तोंड धुतात. उदबत्त्या विझल्या की ते पाणी गटारात ओतायचं. ओतण्याआधी मी सवयीने पेन बुडवला. सकाळी मीच भरलं होतं, १२चं. आता शून्य. आणि मी मूर्खासारखी ते मोठ्याने बोलले.
मावशींनी तसराळं माझ्या हातून ओढून घेतलं. म्हणाल्या, अगं, शून्य आलंय आणि गटारात ओततेस? भावांनी दिलेलं असं कुणी टाकतं होय? आणि सरळ वरच्या टाकीत रिकामं केलं. मेलेल्यांनी चुळा भरलेलं पाणी. नोकरी जाईल या भीतीने मी रिकामं तसराळं घासायला घेतलं.

१९ ऑगस्ट
आंबवणाचा एक गोळा सगळं पीठ फुगवतो, तसं झालं. अख्खी टाकी शून्य. आमच्या दारात रांग, समोरचा माशा मारतोय. मी पिंग-पिंगसाठी बाजारातून सीलबंद बाटल्या आणल्या.

२१ ऑगस्ट
वास नाही. पण पेल्याच्या कडेला बुळबुळीत पडदा धरतो, बोटाला लागला की सुटत नाही. नळाच्या जाळीत करडे केस सापडले, आणि दात घासल्याचा वाळका फेस. दोनदा ओकले. पेनाला केस दिसत नाहीत, फेस दिसत नाही. त्याच्या लेखी हे गावातलं सर्वांत शुद्ध पाणी.
ल्यू काका म्हणाले, गोड लागतं गं, पण तहानच भागत नाही. बोलता बोलता त्यांचा पुढचा दात हातात आला. उकडलेल्या शेंगदाण्यासारखा मऊ. त्यांनी तो दोन बोटांत चिरडला आणि हसले. शी.

२३ ऑगस्ट
पिंग-पिंगची शाळेची बाटली रोज मावशी भरून देत होत्या. लाडाने. मला आज कळलं. मी भांडले, तर म्हणाल्या, लेकराला शून्याचं नको तर काय नळाचं पाजू?
पोरीची नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोलतायत. हे पाणी तिच्या अंगातले क्षारच ओढतंय वाटून मीठ चाटवलं, तिने थुंकून टाकलं.

२५ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, भरपूर पाणी पाजा. त्यांच्या टेबलाशी आमचाच डबा.
बॅग भरून बस गाठायला निघाले. कोपऱ्यावर तिचे पाय दुमडले. हाडं नसल्यासारखे. उचलून परत आणलं. उद्या टॅक्सी करते, काहीही होवो.

२६ ऑगस्ट
टॅक्सी नाही. पूर आलाय, रस्ता बंद.
ती रडली. मी गालाचा पापा घेतला — खारट नाही. काहीच चव नाही. थेंब चमच्यात धरून पेन लावला —
शून्य.

२७ ऑगस्ट, सकाळ
भात शिजायला लावत होते. मावशींनी तिला आंघोळीच्या टबात बसवलं. शून्याच्या पाण्यात. बरं वाटेल म्हणाल्या नि खाली गेल्या.
काढायला गेले. दंडाला धरलं तर — माझ्या हाताला — भिजल्या साबणासारखं —
हात लावला की जास्त सुटते. म्हणून लांब बसलेय. लिहिलं नाही तर ओरडेन. मोजणीचा पेन टबात पडलाय. ४०.
९०. गुडघे दिसत नाहीत. दुखत नाही म्हणते. हसते.
३४०. बूच काढू? नको — पाण्यातच आहे ती आता —
६००. ‘आई’ म्हणाली ती. नुसते ओठ —
९१०. टबात फक्त पाणी. गढूळ, कोमट.
मावशी वर आल्या. पेन पाहून नाक मुरडलं. म्हणतात, नऊशे? शी, एवढं चांगलं पाणी नासवलंस की गं — आणि वाकून बुचाकडे हात —