जुन्या सप्लायच्या केबल

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मी आता काय काम करते हे आधी सांगावं लागेल. मालेगावला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा एक गाळा आहे. कॅमेरावाले लग्नाचं शूटिंग आणून देतात, मी ते कम्प्युटरवर कापते, जोडते, रंग नीट करते, गाणी बसवते. तुम्ही दिलेली शिलाई मशीन त्याच गाळ्यात आहे, तिच्यावर मी प्रिंटर ठेवलाय. मला आयटीआयला जाऊन तुमच्यासारखं वायरमन व्हायचं होतं आणि तुम्ही घरी मशीन आणलीत. "पोरीनं काय खांबावर चढाचं हाय? घरात बसून शिव," म्हणालात, आणि आयटीआयला दादाला घातलंत, ज्याला जायचंच नव्हतं. आईनं मशीनला हळदकुंकू लावलं, सगळ्यांना पेढे वाटले. पेढा चांगला होता. हे अजून आठवतं आणि अजून राग येतो.

मागच्या लग्नसराईत काम फार साचलं. हल्लीचं शूटिंग इतकं जड असतं की माझा कम्प्युटर एकेक मिनिटाला दम खायचा. म्हणून अकोल्याहून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं, पडद्यावरचं चित्र भराभर तयार करायचं काम ते करतं. जुना पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्या कार्डाला पुरणार नव्हता. म्हणून तोही नवा घेतला, आणि त्याच्यासोबत त्याच्या केबल आल्या. मी पुस्तिका वाचली, इंटरनेटवर पाहिलं. कार्डाला दोन जाड केबल लागत होत्या, दोन्ही खाचांना वेगवेगळ्या. आणि एक सूचना ठळक छापलेली होती: दुसऱ्या सप्लायच्या केबल वापरू नका. कारण असं, बाबा, की कार्डाकडचं किंवा हार्डडिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकात प्रत्येक कंपनी तारा आपापल्या क्रमानं बसवते. त्यामुळे परक्या डब्यातही टोक व्यवस्थित बसतं, खटका लागतो, आणि पाच व्होल्ट जायचे तिथं बारा जातात.

मी सतरंजीवर सगळं मांडून बसले होते. आई माझं जेवण घेऊन आली होती. तिनं त्या केबलींचा पसारा पाहिला आणि मला न विचारता दादाला फोन केला. "वायरीचं काम हाय, अन् ते एकटीच करून राह्यली. तू ये बरं लवकर."

दादा आला, चप्पल काढली, म्हणाला, "सरक."

मी सरकले. माझा गाळा, माझं कार्ड, आणि मी सरकले. मोबाईलचा उजेड धरून त्याच्या मागं उभी राहिले. कार्डाच्या दोन केबल त्यानं नव्या लावल्या, कारण जुन्यात तशी एकच होती. हार्डडिस्कच्या मात्र जुन्याच राहू दिल्या. त्या मागच्या पत्र्याआडून नेलेल्या, पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या.

"दादा, त्याही काढाच्या हायेत. या डब्याच्या नाईत त्या."

"कायले उपसत बसतं? हे पाय, टोक बसून राह्यलं न."

"पुस्तकात लिवलं हाय, लावू नका म्हून."

"कंपनीवाले लिवतातच. त्याईले माल खपवाचा असतो. बाबांनं कोण्तं पुस्तक वाचलं होतं?"

त्यानं बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरले, आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, अगदी तुमच्यासारखं. मग वास आला. मी भिंतीवरचं बटण बंद केलं तोवर दोन्ही हार्डडिस्क गेल्या होत्या. कार्डाला काही झालं नाही. त्याच्या केबल त्याच्याच होत्या.

"व्होल्टेज आलं असन," दादा म्हणाला.

बाबा, हे वाक्य मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. माझी बारावी झाली होती, दादा कुठल्या तरी लग्नाला गेला होता, म्हणून तुम्ही मला रिठदला घेऊन गेलात. भाजीपाल्याचा मळा, विहिरीवरची मोटर. तुम्ही मोटरच्या तारा सोडवण्याआधी मी सहाही तारांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले होते. तुम्हीच सांगितलं होतं बांधायला. जोडताना तुम्ही दोऱ्यांकडे पाहिलंही नाही. मी म्हणाले, "बाबा, लाल दोरा तिकडच्या बाजूले होता." तुम्ही म्हणालात, "तू मले शिकवून राह्यली काय?" मोटर जळाली. धूर विहिरीच्या तोंडापर्यंत आला. मालक धावत आला तर तुम्ही शांतपणे पकड पुसत म्हणालात, "व्होल्टेज आलं असन." त्या माणसानं आपल्याला चहा पाजला. मोटर नव्यानं तार भरून येईपर्यंत त्याची कोथिंबीर वाळून गेली, तरी तो तुम्हाला रामराम करत राहिला. येताना गाडीवर तुम्ही मागं न पाहता मला म्हणालात, "गिऱ्हाइकापुढं, मले माईत नाई, असं म्हणू नाई कदी." मला वाटायचं दादा तुमच्याकडून वायरिंग शिकला. तो एवढंच शिकला.

त्या डिस्कवर जऊळक्याच्या एका मुलीचं लग्न होतं. लग्नात तिची आई आजारी होती, खुर्चीत बसून होती, तरी हळदीला तिनं बसल्या बसल्या गाणं म्हटलं होतं. मी ते कापताना ऐकलं होतं. महिन्याभरात ती बाई गेली. एक प्रत एका डिस्कवर, दुसरी दुसऱ्या डिस्कवर, आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसलेली. आतलं काही काढता येतं का पाहायला डिस्क नागपूरला पाठवल्या. त्यांनी उघडून पाहिल्या आणि तशाच परत पाठवल्या.

मुलगी नवऱ्याला घेऊन आली. आईनं दादाला आधीच बोलावून ठेवलं होतं, सांभाळून घ्यायला. त्यानं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं आणि सुरू केलं, "ताई, आपल्या इकडच्या लाइनीचं तुमाले माईतच हाय. व्होल्टेज आलं न..." नवरा मान डोलवू लागला होता. अजून दोन वाक्यं, आणि तेही चहा घेऊन गेले असते.

मी म्हणाले, "व्होल्टेज नोतं आलं. मायाच गाळ्यात झालं. भावानं दुसऱ्या सप्लायच्या केबल लावल्या. मी नको म्हटलं होतं."

नवरा ओरडला. मी ऐकून घेतलं. ती मुलगी ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मंग मायच्या आवाजाचं कुटीच काई नाई काय?" मी नाही म्हणाले. ती उठली. माझ्या हातावर हात ठेवून गेली, आणि तो हात मला ओरडण्यापेक्षा जड गेला.

ती दोघं गेल्यावर आई म्हणाली, "गेलेलं वापस येनार होतं काय? मंग भावाचं नाव काहून घेतलं परक्यापुढं?"

दादा चप्पल घालत होता. "बाबा असते तं अशी बोलली असती काय तू?"

"बाबा असते तं त्याईनंच लावल्या असत्या जुन्या केबल," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. ती दादाच्या मागं गेली आणि त्यानंतर गाळ्यात आली नाही. भाऊबीज झाली, मी ताट करून बसले, मग ताट उचलून ठेवलं. दादाच्या बायकोनं शेजारणीला सांगितलं म्हणे, की मी मेलेल्या बापावर उलटले.

जुन्या सगळ्या केबल मी स्वतः उपसून काढल्या, नव्या घातल्या, प्रत्येक टोक दोनदा पाहिलं. तुमच्यासारखा अंदाज मला येत नाही, म्हणून वाचते. कम्प्युटर छान चालतो. कार्डाचा आवाजही होत नाही. कधी कधी वाटतं, थोडा झाला असता तर बरं झालं असतं, गाळा फार शांत असतो.

तुमच्या हाताला गुण होता, असं लोक आजही सांगतात. त्या हातानं किती जाळलं हे फक्त मला माहीत आहे, आणि दादालाही माहीत असणार, म्हणूनच तो तुमचं नाव इतक्या जोरात घेतो. त्याला कोणीतरी लहानपणी सांगायला हवं होतं, की नाही येत म्हटलं तरी घरातून काढत नाहीत. पण मी खरं ते म्हटलं आणि मलाच काढलं, तेव्हा तेही खरं नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. तुम्हाला पत्ता नाही म्हणून नव्हे. ज्यांना हे सांगायचंय ती दोघं, आई आणि दादा, इथून अर्ध्या तासावर राहतात, त्यांचं दार मला माहीत आहे. तिथं जायची माझी हिंमत नाही, बाबा. तुम्ही तोंड फिरवू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.