वाफेचं पाणी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं वय मी कधीच ओलांडलं. हिशेबाने आता मी तुमच्यापेक्षा थोरली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की लेखणी अडते. माहेरच्या गावी, कुंभारवाड्याला, गेले की अजूनही एखादं म्हातारं माणूस मला न्याहाळून विचारतं, "दिवा इजवलेल्या मिस्त्रीची लेक न्हवं तू?" त्यात टोमणा नसतो, ओळख पटवायची म्हणून विचारतात. मीही "व्हय" म्हणते आणि पुढे चालू लागते. तो दिवा तुमच्यामुळे विझला नव्हता, माझ्यामुळे विझला होता. तुम्हाला ते ठाऊक होतं, पण तुम्ही चारचौघांत ते स्वतःवर घेतलंत आणि मी ते घेऊ दिलं. तुमचं नाव गेलं ते तेव्हापासून.

डॉक्टरांची गाडी पहिल्यांदा आली तो दिवस मला अजून दिसतो. गाडी कसली, गावोगाव फिरायचा दवाखाना, चाकांवरची खोलीच ती. एका लाकूडव्यापाऱ्याने धर्मादाय बांधून दिलेली. रस्ता असेल तिथवर मोटारीच्या मागे जोडायची आणि रस्ता संपला की दोन बैलजोड्या लावून ओढायची. छपरावर पत्र्याची टाकी, टाकीतून आत आलेला नळ, नळाखाली हात धुवायचं चिनी मातीचं भांडं. बाकाखाली बॅटरीची सहा काचेची घरं, आणि छताला दोन दिवे. सुप्यापासून पुढच्या एकाही गावाने तोवर विजेचा दिवा बघितला नव्हता. डॉक्टरांना वाटलं होतं, एकदा गाडी बांधली की काम झालं. आपल्या वाटांनी दोन फेऱ्यांत त्यांचा भ्रम उतरवला. नळाचे सांधे खिळखिळे झाले, टाकी पाझरायला लागली आणि पाणी टपटपत नेमकं बॅटरीवर. तेव्हा लाकडाच्या गिरणीतून तुम्हाला बोलावणं आलं. तुम्ही आत गेलात, वर पाहिलंत, खाली पाहिलंत आणि मला म्हणालात, "ह्या दोगी सवती हाईत, बाय. एका खोलीत ठिवू नयेत."

मग महिनाभर तुम्ही त्या गाडीच्या अंगाखाली-अंगावरच होतात. टाकीला कथलाचे डाग दिलेत, नळ बाहेरच्या भिंतीवरून फिरवून आणलात, पाणी झिरपू नये म्हणून सांध्याच्या प्रत्येक आट्यावर ताग गुंडाळून वर सफेता चोपडलात. बॅटरी उचलून दुसऱ्या टोकाला, पेटीत बंद केलीत. तोटीची चकती करायला कातडं मिळेना, तेव्हा माझी तुटकी वहाण कापलीत. डॉक्टर त्या नळावर हात धुवायला लागले की तुम्ही मला डोळ्यांनी खुणावायचात आणि मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळायचे. आव्वा तापाने गेली, मी आईविना झाले, त्यानंतर आपल्या घरात हसू आलं ते त्या दिवसांत. मी सुप्याच्या शाळेत चार यत्ता शिकलेली, म्हणून बॅटरीची वही तुम्ही माझ्याकडे दिलीत. काचेच्या नळीत तरंगणारी ती बारकी कांडी किती बुडाली, ते बघून बॅटरी किती भरली त्याचा आकडा मी लिहायचा. एकोणीस वर्षांच्या मुलीला असलं काम देणारा बाप आपल्या मुलखात दुसरा नव्हता.

बॅटरीला वरून घालायचं पाणी बेळगावाहून काचेच्या बरण्यांत यायचं आणि निम्म्या बरण्या घाटात फुटायच्या. तुम्ही त्यावर उपाय काढलात. तांब्याचा हंडा कल्हई करून घेतलात, त्याचं तोंड मातीने लिंपलंत, वरून नळी काढून ती गार पाण्याच्या डोणीतून फिरवलीत. नळीच्या टोकाला थेंब थेंब पाणी बाटलीत. काजूची दारू गाळतात ना, अगदी तसंच. तुम्ही त्याला वाफेचं पाणी म्हणायचात. एक बाटली भरायला अर्धा दिवस जायचा आणि परसात त्या भट्टीपुढे मी बसलेली असायचे. शेतावर जाणाऱ्या बायका कुंपणाशी थांबून विचारायच्या, "काय गं, पयल्या धारेची हाय काय?" सगळ्या खो खो हसायच्या. पहिले चार दिवस मीही हसले. मग तुमची थोरली बहीण, माझी आत्ती, येऊन उंबऱ्यात बसली. "खानापूरकडची मानसं पोरगी बगाय येनार हाईत," ती म्हणाली. "दारूच्या भट्टीवर बसलेली सून कोन करून घील?" मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही हसून म्हणालात, "वास घ्या म्हनावं त्यास्नी." मी रडत होते, आप्पा. तुमचं लक्ष हातातल्या तोटीकडे होतं. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला.

देवराईतल्या झऱ्याकडे मी वळले ती आत्तीच्याच एका बोलण्याने. "द्येवाच्या आंगोळीला चालतं त्ये पानी तुज्या काचंच्या डब्याला चालत न्हाई व्हय?" मला ते पटलं. भट्टीचं भांडं म्हणजे ओवळं, आणि झऱ्याचं पाणी असं की नव्या तांदळाचा पहिला भात त्यातच शिजायचा. मी न्हाऊन, अनवाणी गेले, देवाला सांगितलं आणि दोन बाटल्या भरून आणल्या. फसवते आहे असं मला वाटलंच नाही. उलट चांगल्यातलं चांगलं देते आहे असंच वाटलं. तेच पाणी टाकीत भरलं की चिनी भांड्याला तांबूस कड धरायची, ती मी दर आठवड्याला चिंचेने घासत होते. डोंगरात लोखंड आहे, ते पाण्यात उतरतं, हे तुम्ही मला सांगितलेलंही होतं. दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत. कदाचित मला जोडायच्याच नव्हत्या. बाटल्या पटापट भरायला लागल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, "हात बसला बग तुजा." ते कौतुक मी गुपचूप घेतलं.

सुगी आटोपल्यावर दिग्गी गावची फेरी ठरली. त्याच्या आठ दिवस आधी खानापूरकडच्यांनी होकार कळवला होता. निघायच्या सकाळी तुम्ही बॅटरीशी उकिडवे बसला आहात, कपाळाला आठी. रात्री भरलेली बॅटरी सकाळी उतरलेली असते, आणि असं का ते तुम्हाला उमगत नाही. तुम्ही मान वर न करता विचारता, "पानी वाफंचंच हाय न्हवं, बाय?" खरं सांगितलं तर पुन्हा भट्टीवर बसावं लागेल, आणि लग्न व्हायला अजून दीड महिना आहे. मी म्हणते, "व्हय, आप्पा." तुम्ही मोटार सुरू करून दुपारपर्यंत डायनामो फिरवत राहता आणि मग आपण निघतो.

दिग्गीला एका बाईला तिसऱ्या दिवशीही कळा चालूच होत्या. पहिलटकरीण, माझ्याच वयाची. पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. डॉक्टरांनी तिला गाडीत घेतलं, दिवे लावले आणि बाहेर जमलेल्या माणसांच्या तोंडून एकच हुंकार निघाला. तिच्या नवऱ्याने तर दिव्यालाच हात जोडले. मूल झालं, रडलं. मग रक्त थांबेना. डॉक्टर टाके घालत होते आणि दिवा पिवळा झाला, तांबडा झाला, आतली तार तेवढी दिसायला लागली आणि तीही गेली. तुम्ही पेटीशी धावलात. कंदील शोधून, पेटवून, मी तो धरेपर्यंत किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. अंधारात नळ तेवढा चालू होता, तुमच्या हातचा, नीट. बाई गेली. दिवा असता तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही. मला तर कुणी विचारलंच नाही.

सकाळी तुम्ही बाकाखालून पाण्याची बाटली काढलीत आणि उजेडात धरलीत. काचेला तांबूस कड होती. वाफेच्या पाण्याला कड धरत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी जमिनीकडे. इतक्यात डॉक्टर आले. रात्रभर जागलेले, हाताला अजून रक्ताचा वास. "मिस्त्री, मी तुमच्यावर विसंबलो होतो," एवढंच ते म्हणाले. आणि तुम्ही, सगळ्या दिग्गीसमोर, त्या नवऱ्यासमोर, पागोटं काढून म्हणालात, "माजी चूक झाली, सायेब. मीच झऱ्याचं पानी घातलं. आळस केला." आळस! तुम्हाला आळशी म्हणणारं माणूस तोवर जन्मलं नव्हतं. मी तिथेच उभी होते, चार पावलांवर. तोंड उघडायला काय लागलं असतं? परतीच्या वाटेवर तुम्ही मला एकदाच बोललात. "मला सांगायचं हुतंस, बाय. भट्टी मोडली असती, दुसरी सोय केली असती." आवाज चढवलाही नाहीत. एक थोबाडीत दिली असतीत तर मला सोपं गेलं असतं.

गाडीचं काम गेलंच. पुढे गिरणीतही यंत्राला कुणी हात लावू देईना, तुम्ही फळ्या रचत राहिलात. माझं लग्न मात्र ठरल्या दिवशी झालं, कारण मुलीच्या नावाला काही लागलेलं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. मी सासरी, सातवा महिना, नद्या भरलेल्या. निरोप आला तो सगळं आटोपल्यावरच.

परवा धाकट्या लेकाने जुना ट्रक घेतला. दारात उभा करून, स्वयंपाकघरातली कळशी उचलून तो बॅटरीत पाणी ओतायला निघाला आणि मी हातातलं पीठ टाकून ओरडतच धावले. कळशी तशीच धरून तो म्हणाला, "आई, तुला काय कळतं त्यातलं?" मी त्याला सगळं सांगितलं. कुठलं पाणी चालतं, कुठलं नाही, लोखंडाने काय होतं, भरलेली बॅटरी रात्रीत कशी उतरते. त्याने विचारलं, "तुला कोणी शिकवलं गं हे?" मी म्हटलं, माझ्या आप्पांनी. इतका अभिमान वाटला मला, काय सांगू. मग त्याने साहजिकच विचारलं, "पण त्यांना कसं कळलं, झऱ्याचं पाणी चालत नाही ते?"

मी म्हटलं, "त्यांच्या हातून एकदा चूक झाली होती."

तो बरं म्हणून कामाला लागला. हे पत्र खरं तर त्याच्या हातात द्यायला हवं, आप्पा. तो आत्ता बाहेर ओसरीवरच बसला आहे, मला इथून दिसतो आहे, आणि माझ्याने उठवत नाही.