एका हाताचा ब्लाउज

१९ जुलै, शनिवार

माझाच ब्लाउज, आणि विकणारी मी नाही!

सकाळी ऑर्डरी बघायला ॲप उघडलं, तर खाली 'यासारखेच आणखी' मध्ये तो बसलेला. बगलेखालून उघडणारा, वेल्क्रोचा, आणि पुढे ओळीने पाच खोटे हूक. खोटे हूकसुद्धा उचलले! ते तर निव्वळ आईच्या हट्टापायी लावले होते. 'हूक दिसले पाहिजेत. नाहीतर बायका म्हणतील, अंजनाबाईने काय झबलं घातलंय!'

विक्रांतला दाखवलं. कंपनीत निघायच्या घाईत होता. 'फोटो तुझा आहे का?' नाही. 'मग सिद्ध कसं करणार?' आणि बूट घालून आनंदनगर एमआयडीसीला चालता झाला. माझ्या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो.

आईला काही सांगितलं नाही.

२० जुलै, रविवार

कशातच लक्ष नाही. लिहून काढते, निदान डोकं रिकामं होईल.

तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात गेला तो गेलाच. ती माझ्याकडेच राहते तेव्हापासून. मी हूक लावायला गेले की मान फिरवायची. बावीस वर्षं कारखान्यात उभं राहून जिने मला एकटीने वाढवलं, तिला लेकीसमोर उघडं बसावं लागत होतं. बाहेर जाणं सोडलं. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज ग्रंथवाचन असतं, एक दिवस न चुकवणारी बाई, तीसुद्धा जाईना.

मग मी शिवायला बसले. चेन लावून पाहिली – एका हाताने खालचं टोक धरता येईना. चुंबक लावून पाहिलं, तर आई लोखंडी कपाटाला चिकटली! इतकी हसली, इतकी हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा. सातवा जमला. स्वतःचा स्वतः घातला, पदर घेतला आणि मला न विचारता विहारात निघून गेली. मी ओट्याशी उभी राहून रडले.

तेव्हाच ठरवलं, हा विकायचा. या जानेवारीत डिस्पॅचची नोकरी सोडली. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पमध्ये ईश्वरभाईंच्या कारखान्यात शिवून घ्यायला लागले. ऑर्डरी आल्या जळगाव, सोलापूर, एक तर थेट सुरत! एकीने लिहिलं होतं, 'आज कपडे घालताना सुनेला हाक मारली नाही.' त्या दिवशी वाटलं, आपल्याला काहीतरी जमलं.

२४ जुलै, गुरुवार

ॲपकडे तिसऱ्यांदा तक्रार. उत्तर तेच – डिझाइन नोंदवल्याचा कागद जोडा. कागद नाही! नाव ठरवलं, डब्बा छापला, स्टिकर केलं, फोटोला पोरगी बोलावली, आणि हे एवढं राहिलं. मूर्ख मी.

आज ऑर्डर एक. काल एकही नाही.

२८ जुलै, सोमवार

तो ब्लाउज मीच मागवला होता. आज आला. टेबलावर पसरून माझ्याच्या शेजारी ठेवला.

त्याची डावी बाही दोन बोटं सैल आहे.

मी विकते त्याला दोन्ही बाह्या सारख्या. डावी सैल फक्त आईच्या ब्लाउजला, कारण तिचा तो हात सुजतो. म्हणजे कुणी माझा माल विकत घेऊन उसवून नक्कल केलेली नाही. आईच्या मापाचा पहिला खाकी कागदाचा फर्मा, ज्यावरून मी कापला होता, तोच कुणीतरी वापरलाय. आणि तो फर्मा मी गेल्या वर्षी, नोकरीत असतानाच, सॅम्पलसाठी एकाच माणसाला दिला होता. ईश्वरभाईंना.

३० जुलै, बुधवार

जाऊन वाट्टेल ते बोलले. मशीन थांबल्या. सगळे कारागीर बघत होते.

ईश्वरभाई आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी खरंच बोलतेय. 'साईं, तीस साल से इस गली में हूँ. दूसरे का फर्मा बेचता तो यहाँ कोई मुझे कपड़ा काटने देता?' मी म्हटलं, मग गेला कुठे? तर म्हणाले, 'बेटा, वो तो सॅम्पल के साथ ही वापस भेजा था. तेरी मम्मी ने दरवाजे पे लिया. मेरे आदमी को चाय भी पिलायी.'

मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आले नाहीत. दर वेळी येतात.

२ ऑगस्ट, शनिवार

आईला विचारलं. मनात म्हणत होते, हरवला म्हण, रद्दीत गेला म्हण.

'तो होय! तो मी विहारात नेला होता ना,' आई म्हणाली. अगदी सहज! 'गेल्या वर्षावासात. कौसाबाईचापण डावाच हात गेलाय. बायका माझा ब्लाउज उलटापालटा करून बघायच्या. मग ज्यांना पाहिजे त्यांनी पेपर आणले, अंथरले, आखून घेतलं. अकरा जणींनी! कुणाच्या सासूला, कुणाच्या बहिणीला.' तोंडावर असा आनंद, जसं काही बक्षीस मिळालंय.

आमच्याकडे असंच चालतं. कुणाकडे चांगलं माप दिसलं की पेपर अंथरायचा आणि पेन्सिल फिरवायची. मीसुद्धा शिवण तशीच शिकले. 'दे' म्हटल्यावर 'नाही' म्हणायचं असतं, हे तिला कोण शिकवणार? मीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला वाटलंच नाही कधी.

ईश्वरभाईंना फोन केला. उचलला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आईकडून अकरा नावं घेऊन विचारत गेले, विकणारी सापडली. कौसाबाईची सून जिज्ञासा. इथे अंबरनाथलाच, मागच्या गल्लीत. चालत पाच मिनिटं!

मोठा धंदा, गोडाऊन वगैरे डोक्यात घेऊन गेले होते. एक खोली, एक मशीन, कडेला पाळणा. मला बघून उठली, पाणी आणलं. 'बसा ना स्वप्नालीताई.' मी म्हटलं, तू माझी कॉपी करतेस. तिला खरंच कळेना. 'कॉपी नाय ओ ताई! आईंना शिवला, मग शेजारणीने मागितला, मग भाऊ बोलला ऑनलाइन टाक, मस्त चलेगा. फर्मा तर अंजनामावशीनेच दिला ना?'

आतून कौसाबाई आल्या. अंगात तोच ब्लाउज. 'दोन वर्षांनी लग्नाला गेले बघ यामुळे,' म्हणाल्या. 'तुझ्या आईचे उपकार.'

भांडायला कुणी शत्रू तरी पाहिजे! पाणी पिऊन परत आले.

६ ऑगस्ट, बुधवार

विक्रांत म्हणतो, जुनी नोकरी मिळते का बघ. शांतपणे म्हणतो, त्याचा जास्त राग येतो. नोकरीचा प्रश्नच नाही. आयुष्यात एकदा काहीतरी माझ्या डोक्यातून निघालं होतं.

आज पुन्हा ऑर्डर नाही. जिज्ञासाच्या पानावर नवीन रंग आलेत. मोरपंखी छान दिसतोय. मला सुचला नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

बोलू नये ते बोलले.

आई विहारातून आली. खुशीत. 'कल्याणची एक बाई भेटली, तिलापण फर्मा पाहिजे—' आणि माझा तोल गेला. 'वाट! सगळ्या गावाला वाट! तुझं काय जातंय? पोट माझं जातंय! तुला घालायला शिवला तीच चूक केली मी!'

आईने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, 'अगं, तूच म्हणायचीस ना, जिचा हात गेलाय तिला हा मिळाला पाहिजे.'

म्हणायचे. म्हणायचे मी असं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आई जेवली नाही. मी माफी मागितली. 'तुझं बरोबर आहे,' एवढंच म्हणाली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

१० ऑगस्ट, रविवार

आई सकाळी विहारात जाऊन लगेच परत आली. वाचनाला बसली नाही. काय झालं विचारलं, तर म्हणाली, 'काम होतं, झालं.'

१३ ऑगस्ट, बुधवार

जिज्ञासाचं पान बंद झालंय. शोधलं, नाही.

दुपारी कौसाबाई आल्या. गाऊनवर ओढणी घेऊन. पिशवी कोपरात अडकवलेली. त्यात पेपरवर आखलेले अकरा फर्मे, सगळ्या बायकांकडून गोळा केलेले, आणि त्यांचा स्वतःचा ब्लाउज, धुऊन, इस्त्री करून. 'अंजनाबाई बोलली, तुझं आहे ते तुला द्यायचं.' बसा म्हटलं, बसल्या नाहीत. उद्या वाचनाला याल ना, आईने आतून विचारलं. त्यांनी ओढणी नीट केली आणि म्हणाल्या, 'आता कुठे जमतंय, बाई.'