उपाशी फ्लास्क आणि आगाऊ सह्या

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे अर्धा मनातल्या मनात). भाऊजींचा खोकला थांबला का? माझी बाकी तब्येत ठणठणीत, मन मात्र ठिकाणावर नाही.

तुला ठाऊकच आहे, प्रयोगशाळेत मी वनस्पतीच्या पेशी सांभाळतो. काचेचे फ्लास्क, त्यात साखर-फॉस्फेटचं पाणी, आणि त्यात डुलत बसलेली ही मंडळी. आम्हाला हवं असतं त्यांच्यातलं कडू औषधी द्रव्य, अल्कलॉइड. पण खायला मुबलक असलं की त्यांचं सगळं लक्ष खाण्यात आणि अंग धरण्यात. कडूपणाचं नाव नाही. दर चार दिवसांनी ताजं पाणी द्यायचं आणि वहीत सही करायची, हे माझं काम. मागच्या महिन्यात तुझ्याकडे दहा दिवस आलो, तेव्हा निघतानाच मी पुढच्या तारखांवर सह्या करून ठेवल्या (वहीत रिकामी जागा मला बघवत नाही, हा नीटनेटकेपणा की आणखी काही, ठरत नाही). पाणी द्यायचं सहकाऱ्याला सांगितलं होतं. त्याने वही उघडली, माझी सही पाहिली, मी लवकर परतलो असं समजला आणि निवांत चहाला गेला.

परत येऊन बघतो तर कोपऱ्यातल्या सहा फ्लास्कमधल्या पेशींची वाढ थांबलेली, रंग पिवळाजर्द. आणि अल्कलॉइड आठपट! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई हरखल्या. "अहो, तेच खाणं, त्याच तारखा, तरी आठपट! तुमच्या हाताला गुण आहे हो. शुक्रवारी सगळ्यांसमोर जाहीर करते." यावर मी "हो" म्हणालो की नुसता खाकरलो, हे तीन दिवस डायरीत तपासतोय.

गुण हाताचा नाही, उपासाचा. वाढायची सोय संपली तेव्हा कुठे त्या कडू व्हायला लागल्या. उद्या, गुरुवारी, बाईंना खरं सांगणार. नोकरी गेली तर कळवीन.

तुझा धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला परवाच कळलंय. त्या पाण्यात फॉस्फेटचा कण नव्हता, म्हणजे ताजं पाणी दिलंच नव्हतं. म्हटलं, बघू, किती दिवस दम काढताय." उद्या आगाऊ सह्यांची कथा सगळ्यांसमोर मीच सांगायची आहे. मग पेशींना तोच उपास दहा दिवस रीतसर. आणि मी दयेपोटी त्यांना भरवीन म्हणून तेवढे दिवस मला सक्तीची रजा.

ता. क. २. म्हणून रविवारी येऊ का? फक्त वाढताना हात आखडता घे. मागच्या खेपेला तुझ्याकडे तीन किलो वाढलो आणि डायरीत एक ओळ उतरली नाही.

ता. क. ३. वरची ओळ भरल्या पोटी लिहिली आहे. मनावर घेऊ नकोस.