मागच्या खोलीतल्या मामीला इंग्रजीत काय म्हणावे

आधी तक्रार नोंदवते. माझ्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट गेल्या गुरुवारपासून गायब आहे. पंखा लावला तर कागद उडतात, बंद केला तर मी शिजते. तेव्हा हे मृत्युपत्र मी डावे कोपर कागदावर रोवून लिहीत आहे. अक्षर वाकडे आले असेल तर माझे मन डळमळीत होते असा अर्थ कुणी काढू नये. असे अर्थ काढण्यात तरबेज असलेला एक माणूस रोज याच घरात जेवायला येतो.

मी, धंद्याने भाषांतरकार, वय चोपन्न, अविवाहित, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर बऱ्याच जणांच्या सांगण्याविरुद्ध हे लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर तिला किरकोळ म्हणतात. किरकोळ आहे तर इतक्या सह्या कशाला, असे मी विचारले. त्यांनी हसून पेन पुढे केले.

१. या कागदाची इंग्रजी प्रत बँकेला लागणार आहे. "ताई, बाहेर कशाला देतेस? मी करतो की," असे माझा धाकटा भाऊ, भाषांतराच्या कचेरीतला माझा भागीदार, मी विषय काढण्याआधीच म्हणाला. म्हणून मोक्याचे इंग्रजी शब्द मीच ठरवून देते. आमच्या कचेरीची रीत अशी की एका जागी दोन शब्द बसत असतील तर एकाने मध्ये तिरपी रेघ मारून दोन्ही लिहायचे आणि दुसऱ्याने त्यातला एक खोडायचा. रीत चांगली आहे, खोडणारा कोण एवढेच पाहावे लागते. या कागदात तिरपी रेघ चालणार नाही.

२. राहते घर मी स्वतःच्या कमाईने घेतले आहे. त्याला 'हाउस' लिहावे. 'होम' लिहू नये. होम म्हटले की ज्याला त्याला बालपण आठवते, आणि बालपण आठवले की हिस्सा आठवतो. भावाचे बालपण या घरात गेलेले नाही, तरी त्याला ते आठवेल.

३. मामी. मामा गेल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि मागच्या खोलीत राहिली. घरातले दूध, दुरुस्त्या आणि भांडणे तेव्हापासून तीच बघते. मागच्या वर्षी सोसायटीने रहिवाशांची यादी इंग्रजीत मागितली. मी मामीपुढे 'रेसिडेंट' लिहिले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भावाने त्यापुढे तिरपी रेघ मारली, 'गेस्ट' लिहिले, आणि रीत मोडून स्वतःच खोडले. खोडला तो माझा शब्द.

"अरे, पाहुणी? तिच्या हातचं जेवतोस रोज."

"ताई, दोन्ही चालतात. हा छोटा आहे, रकान्यात मावतो."

तेवढ्याच रुंदीच्या रकान्यात त्याचे स्वतःचे 'मॅनेजिंग पार्टनर' ऐसपैस मावले होते.

पाहुणीला घालवायला कारण लागत नाही. पुढे महिन्याभरात हा गृहस्थ मागच्या खोलीत टेप धरून मोजमाप घेताना सापडला. पडद्यासाठी, म्हणाला. त्या खोलीला खिडकी नाही.

मग मी शब्द शोधायला बसले. 'ऑक्युपंट'मध्ये ती जागा बळकावून बसल्यासारखी दिसते. 'टेनंट' म्हटले तर हा पहिल्या तारखेला भाडे मागायला दारात. 'डिपेन्डंट' मी मामीलाच ऐकवला.

"म्हणजे काय गं?"

"दुसऱ्याच्या जिवावर जगणारी."

"मग तो वरचा," मामी म्हणाली आणि भाजी परतत राहिली. थोड्या वेळाने गॅस बारीक करून म्हणाली, "हे बघ, मला शब्दबिब्द नको. तुझं काही बरंवाईट झालं तर मी कुठे जायचं, तेवढं सांग."

कुठेही नाही. हे घर, मागच्या खोलीसकट, मी मामीला देते. नुसता राहण्याचा हक्क नव्हे, मालकी. इंग्रजी प्रतीत 'ओनर' लिहावे. इंग्रजीत 'गेस्ट'ला जितकी अक्षरे लागतात तितकीच याला लागतात. रकान्यात मावेल.

४. कचेरीतला माझा हिस्सा आणि सगळे शब्दकोश भावाला. माझी त्याच्यावर माया आहे, विश्वास नाही. दोन्हींना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत. त्याने एकाच्या जागी दुसरा घालू नये.

५. दवाखान्याचे बिल भागवून बँकेत जे उरेल ते मामीला. त्याला 'सेव्हिंग्ज' म्हणा की 'बॅलन्स', फार काही उरणार नाही.

६. इंग्रजी प्रत भावाने खुशाल करावी. ती परक्या भाषांतरकाराकडून तपासून घेतल्याशिवाय बँकेत देऊ नये. तशी ती तपासून घेण्याचे काम खालच्या दुकानातल्या घड्याळजींनी अंगावर घेतले आहे. ते माझ्या भावाला पुरते ओळखतात.

लिहिणारीची सही: केली आहे, कोपर न हलवता.

साक्षीदार, माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करणारे:
खालच्या दुकानातले घड्याळजी.
समोरच्या दारातल्या शिवणकामवाल्या काकू. सहीआधी सगळे दोनदा वाचून घेतले.

स्थळ: आमच्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: घड्याळजींनी आपल्या हाताने घातला, माझ्यावर सोपवला नाही.

सह्या झाल्यानंतरचे: मामाचा फोटो मामीच्या ट्रंकेवर टेकवून ठेवलेला असतो. आली त्या वर्षी तिने विचारले होते, भिंतीला एक खिळा चालेल का. मी मारून देते म्हणाले होते. आज काकू गेल्यावर घड्याळजींची हातोडी मागून घेतली. कायद्याने भिंत अजून माझीच आहे, तरी आधी तिला विचारले, कुठे मारू.

"जरा डावीकडे," मामी म्हणाली.