दिवे लागल्यावरचं विरजण

रविवार, १६ ऑगस्ट २०२०
चिक्कडपल्ली

आई,

फार काळ गप्प राहिले, रागावू नकोस. डायरीत तुझ्याबद्दल अधूनमधून लिहिते, पण तिसऱ्याच कुणाबद्दल लिहावं तसं. आज मात्र तुझ्याशीच बोलायला हवं. मगाशी समोरच्या फ्लॅटमधून फोन आला. नवरा-बायको दोघांनाही कोरोना झालाय, सात वर्षांच्या मुलीची टेस्ट निगेटिव्ह आहे, आणि गावाकडून कुणी येऊ शकत नाही. "मॅडम, बच्ची को थोडे दिन आपके पास रखते क्या?" त्यानं खोकत खोकत विचारलं. त्याला उत्तर द्यायचंय. ते देण्याआधी तुझ्याशी एक जुना हिशेब आहे.

आपल्या जुन्या अंगणात चार बिऱ्हाडांचे चार पोर्शन होते. मागचा आपला, त्याला लागून खालांचा, अंगणातलं एकमेव मुसलमान घर. त्यांचा नवरा दुबईला, घरात त्या आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी. केबल आधी त्यांच्याकडे आली, त्यामुळे माझ्या संध्याकाळी तिकडेच जायच्या. त्यांचं दही बिघडलं की वाटी आपल्याकडे यायची, आपलं बिघडलं की तिकडे जायची, आणि खाला वाटी कधी रिकामी परत पाठवायच्या नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी असायची. पुढच्या पोर्शनात घरमालकीण. आपण तिथे नवीन होतो तेव्हा तू एकदा तिन्हीसांजेला तिच्याकडे विरजण मागायला गेलीस. "दिवे लागल्यावर देत नाहीत आमच्यात," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दिलं, तेही वाटीला वाटी लागू न देता, वरून. तू ते मोरीत ओतलंस आणि मला समोर बसवलंस. "दह्याला दिवा कळत नाही. माणसाला दारात उभं ठेवायला काढलेलं असतं हे सगळं. आपण धम्माची दीक्षा घेतली ती कशासाठी?" इतकं स्पष्ट मला पुढे कॉलेजातही कुणी शिकवलं नाही.

मी चौदा वर्षांची असताना, डिसेंबरात, शहरात दंगल पेटून कर्फ्यू लागला. पहिल्याच दुपारी खाला आपल्या स्वयंपाकघरात आल्या. तू ज्वारीच्या भाकरी थापत होतीस. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुछ बी हुआ तो मैं बच्ची को दही का कटोरा देके भेजती. अंदर ले लेना, बहन. वापस नक्को भेजना." अंगणात सगळ्यांचे कान असतात, म्हणून वाटीचं निमित्त. तू पिठाचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "वो बोलने की बात है क्या? मेरी बेटी के बाजू में सोएगी." त्याच दिवशी मी माझ्या अंथरुणावर दुसरी उशी ठेवली.

दोन दिवसांनी संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत आरडाओरडा झाला. मालकिणीचा दीर आणि आणखी तीन-चार माणसं अंगणातल्या पायऱ्यांवर बसली होती, कुठल्या पोर्शनात कोण राहतं याची चौकशी करत. दुपारी त्यांनी तुलाही विचारलं होतं, "आणि तुम्ही कोणातले?" बाबा कारखान्यात अडकलेले. तेवढ्यात खालांची मुलगी आली. स्टीलची वाटी, वर रुमाल. "आंटी, अम्मी दही मंगाए." तू दार अर्धंच उघडलंस. मी तुझ्या पाठीशी उभी होते, तिला आत ओढायला हात पुढे करून. आणि तू त्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "दिये लगने के बाद हम लोग नहीं देते, बेटा. सुबह आना."

ती "हौ, आंटी," म्हणाली. माझ्याकडे बघितलं आणि गेली.

सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं. मागच्या भिंतीवरून त्या दोघी कशा गेल्या, कुणी नेलं, कळलं नाही. कर्फ्यू उठल्यावर एक माणूस हातगाडी घेऊन सामान न्यायला आला, तेव्हा समजलं की नामपल्लीला बहिणीकडे सुखरूप आहेत. त्यानं आपली वाटी परत दिली. "ये आपकी है, बोले." घासून लख्ख केलेली, आणि रिकामी. तू ती फडताळात मागे ठेवलीस आणि मला म्हणालीस, "अभ्यासाला बस."

तू घाबरली असशील, हे मला तेव्हाही कळत होतं. आपलंच छप्पर त्या अंगणात किती दिवसांचं होतं! पण नाही म्हणायला तुला दुसरं कुठलंही वाक्य चाललं असतं. दूध नासलं म्हणायचं, ताप आलाय म्हणायचं. तू नेमकं तेच उचललंस, ज्यानं तुला दारात उभं केलं होतं. मला दिलेली सगळी शिकवण तू त्या अर्ध्या दारातून बाहेर टाकलीस.

आणि त्यानंतर तू ते पाळायला लागलीस! मावशीनं एकदा संध्याकाळी विरजण मागितलं तर तिलाही नाही म्हणालीस. "अगं बाई, तू कधीपासून सोवळी झालीस?" ती हसली. तू हसली नाहीस. शेवटपर्यंत पाळलंस. मला वाटायचं, ही आता पार त्यांच्यातली झाली. आज पहिल्यांदा वाटतंय की त्या संध्याकाळी बोललेलं खोटं ठरू नये म्हणून तू ते जन्मभर खरं करत बसलीस. असं असेल का? की मलाच आता तुला सोडवायची घाई झालीय? ठरवता येत नाही.

बाबा इथेच आहेत, माझ्याकडे. फोन ठेवल्यावर त्यांनी कॉटवरूनच विचारलं, "काय म्हणत होता तो?" मी सांगितलं. म्हटलं, तुमच्या छातीचं दुखणं, तुमचं वय, डॉक्टरांनी बजावलंय.

"माझ्या छातीचं नाव पुढं करू नको," ते म्हणाले. "ती माझी हाय. तुला काय वाटतं ते बोल."

मी उठून गॅलरीत आले तर समोर दिवे लागत होते. त्यांच्या खिडकीत ती मुलगी मास्क लावून उभी होती, जणू कुठे निघायचंय.

बाबांना हा धोका खरंच सोसेल का, मला माहीत नाही. पण फोनवर मी काय बोलले ते तुला सांगायचं राहिलं, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? मी त्याला "नाही" म्हटलं नाही. म्हटलं, "सुबह बताती हूँ."

उद्या: दुसरी उशी काढून ठेवायची, उजाडताच समोरची बेल वाजवायची.